डोक्यांची टोपली

आमच्या पाटखोलच्या देवीनं यंत्रालासुद्धा सुट्टी पाळायला लावली, असं गावात छातीठोकपणे सांगितलं जायचं. पाहुणा आला की त्याला आधी देऊळ दाखवायचं, मग धक्क्यावरचा दिवा दाखवायचा आणि मग हे ऐकवायचं. जत्रेचे तीन दिवस दिवा लाल. शिमग्याचे पाच दिवस लाल. महाशिवरात्रीला लाल. एरवी हिरवागार. कोकणातल्या बाकीच्या खाड्यांवरची यंत्रं वाट्टेल तेव्हा समुद्र बंद करून मच्छीमारांच्या तोंडचा घास काढत होती, आणि आमचं यंत्र मात्र देवीच्या पंचांगाप्रमाणे चालत होतं. जत्रेत तसंही कोणी समुद्रावर जात नाही, तेव्हा कुणाचं काही बिघडतही नव्हतं.

त्या यंत्राची राखण करणारी मी, विशाखा कुबल. प्राणिशास्त्राची पदवी आहे, सरकारी मानधन आहे आणि नवरा दिगंबर तांडेल आहे, म्हणजे स्वतःच्या बोटीचा कप्तान. तीन वर्षं मीही ती देवीची गोष्ट हसत हसत ऐकत होते. खोटं कशाला बोलू, ऐकायला बरं वाटायचं.

यंत्र का आलं ते आधी सांगते. पूर्वी मासेमारीची बंदी ठरलेली असायची, जून आणि जुलै. पण समुद्र तापत गेला आणि कोळंबीनं, आमच्या भाषेत सुंगटांनी, आपलं वेळापत्रक बदललं. बंदीच्या दिवसांत ती अंडी घालीनात, आणि घालायची तेव्हा आम्ही जाळी टाकून बसलेले. म्हणून 'चल बंदी' आली. जेव्हा माद्या अंड्यांवर येतील तेव्हाच समुद्र बंद, मग तो कुठलाही महिना असो. आता माद्या अंड्यांवर आल्यात हे माणसाला कसं कळणार? त्यासाठी खाडीच्या तोंडाबाहेर एक पिवळा बोया नांगरला. कागदावर त्याचं नाव हातभर लांब आहे. गाव त्याला 'नाक' म्हणतं, कारण तो पाणी हुंगतो.

डॉ. नसरीन मुकादम हे यंत्र बनवणाऱ्यांपैकी एक. पहिल्या वर्षी त्या आल्या तेव्हा सरळ सोलणीच्या शेडमध्ये पाटावर बसल्या आणि सुंगटं सोलणाऱ्या चाळीस बायकांना त्यांनी सुंगटाची जन्मकथा सांगितली. सुंगट जन्मतं बाहेरच्या खोल पाण्यात. मादी एका वेळी दोन-तीन लाख अंडी सोडते. ती एका दिवसाच्या आत फुटतात. त्यातून निघालेला जीव रूपं बदलत बदलत दोन-तीन आठवड्यांत नखाच्या कोरेएवढा होतो आणि भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत शिरतो. तिवरांच्या मुळांत खाऊन-पिऊन मोठा होतो आणि ओहोटीबरोबर परत समुद्राकडे निघतो. तिथं मादी कात टाकते. कवच मऊ असतानाच नर तिला आपल्या बीजाची पिशवी देतो आणि निघून जातो. ती पिशवी सांभाळायची, अंडी पिकेपर्यंत दम धरायचा, जागा शोधायची, हे सगळं मादीनं एकटीनं बघायचं. इथं बायकांनी एकमेकींकडे बघून माना हलवल्या. मॅडमना वाटलं, विज्ञान समजतंय.

मग त्यांनी डोळ्यांचं सांगितलं. सुंगटाचे डोळे दोन दांड्यांवर असतात. त्या दांड्यांत एक बारीकशी ग्रंथी असते आणि तिच्यातून एक हार्मोन पाझरतं. ते हार्मोन म्हणजे ब्रेक. ब्रेक लागलेला असेतोवर मादीची अंडी पिकत नाहीत. पाण्याची ऊब, खारटपणा, चंद्राची तिथी जुळली की ब्रेक सुटतो, अंडी भरतात आणि कवचातून पाठीवर हिरवी रेघ दिसायला लागते. कोळंबीची पिल्लं तयार करणारे लोक म्हणूनच तर मादीचा एक डोळा चिमटून टाकतात. डोळा गेला की ब्रेकही गेला. हे ऐकून एकीनं तोंडावर पदर धरला होता.

त्या ब्रेकचे तुकडे सुंगटाच्या लघवीतून पाण्यात उतरतात, आणि भरलेल्या मादीचा आणखी एक वेगळा वास असतो. नाक दर तासाला दोन्हींचं प्रमाण मोजतं. ब्रेकचे तुकडे जास्त, तर माद्यांना अजून अवकाश आहे, समुद्र खुला. ब्रेक कमी आणि दुसरा वास जास्त, तर चार-आठ दिवसांत अंडी पडणार, समुद्र बंद. पहाटे पाचला धक्क्यावरचा दिवा त्याप्रमाणे रंग घेतो. तो रंग मीही बदलू शकत नाही आणि मंत्रीही नाही. माझं काम बोया घासणं, तारा बघणं आणि दर अमावस्येला खाडीत मच्छरदाणीचं कापड ओढून त्यात बाळसुंगटं किती येतात ते मोजणं.

बोया नेमका कुठं नांगरायचा, हे मॅडमनी मला विचारलं होतं. ओहोटीची धार जिथून सरळ बाहेर जाते अशी जागा त्यांना हवी होती. मी क्षणाचाही विचार न करता बोट दाखवलं. ती जागा मी लग्न होऊन आल्यापासून रोज बघत होते, कारण रोज ओहोटीला तिथं पक्ष्यांचा थवा उतरायचा आणि त्या थव्याखाली माझ्या नणंदेची होडी असायची.

नणंद म्हणजे रतन वन्स. पाटखोलमध्ये सुंगटाचं डोकं जमिनीवर टाकत नाहीत. ते खाडीचं. शेडमध्ये दिवसभर सोलणी चालते, डोक्यांच्या टोपल्या भरतात, आणि ओहोटी लागली की त्या होडीत घालून खाडीच्या तोंडाशी नेऊन सोडायच्या. हे काम कुणीही करायचं नाही. तो मान कुबलांच्या घरातल्या थोरल्या लेकीचा, तीही घरात असेतोवर. तिचं लग्न झालं की मान धाकटीकडे. वन्सना धाकटी बहीण नव्हती. दोन चांगली स्थळं आली होती म्हणतात, त्यातलं एक त्यांना आवडलंही होतं. पण मान कुणाकडे द्यायचा यावर घरात बोलणी लांबत गेली, आणि ती माणसं कंटाळून गेली. आता वन्स साठीच्या. गावात त्यांना पाहून तांडेल वाट देतात आणि शेडमधल्या बायका त्यांच्या आधी पाटावर बसत नाहीत.

मी आले तेव्हा माझं पदवीचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. सासूबाईंनी पुस्तकं माळ्यावर टाकायला सांगितली. वन्सनी ती खाली काढली आणि वर्षभर माझ्या वाट्याची सुंगटं स्वतः सोलली, कुणाला न सांगता. तेव्हा आमचं नातं नणंद-भावजयीचं म्हणायचं ते आपलं पद्धत म्हणून.

तर तीन वर्षं सगळं उत्तम चाललं होतं. बोटी भरून सुंगटं येत होती, तीही मोठाली. पाटखोलला 'आदर्श खाडी' म्हणून ढाल मिळाली आणि ती सोसायटीच्या कपाटात बसली. खटकणारी गोष्ट एकच होती. माझ्या मच्छरदाणीच्या कापडात पहिल्या वर्षी एका ओढीला साडेतीनशेच्या वर बाळसुंगटं यायची, दुसऱ्या वर्षी दोनशे, तिसऱ्या वर्षी नव्वद. मी अहवालात लिहिलं, पाण्याचं तापमान वाढल्यामुळे असावं. 'असावं' हा शब्द फार सोयीचा आहे.

दोन हजार त्रेचाळीस साल उजाडलं आणि मी स्वयंपाकघरातलं जुनं कॅलेंडर उतरवलं. आमच्याकडे नवं कॅलेंडर जुन्यावरच टांगतात, त्यामुळे तिन्ही वर्षांची एकाखाली एक निघाली. दिवा लाल झाला की मी त्या तारखेला लाल गोल करत असे. वार्षिक अहवालासाठी गोल मोजायला बसले. सगळे गोल छापील सणांभोवती. जत्रा, शिमगा, शिवरात्र, पाडवा. देवीची करणी म्हणून मी हसले आणि पान उलटलं, तर मागच्या वर्षीच्या अकरा, बारा आणि तेरा फेब्रुवारीला गोल. त्या तारखांना काहीच छापलेलं नव्हतं. ना सण, ना तिथी, ना गावात कुणाचं मरण.

खाली माझ्याच अक्षरात बारीक लिहिलं होतं, 'वन्सना ताप. पेज.'

मी तशीच हातात कॅलेंडर धरून उभी राहिले. त्या तीन दिवसांत वन्स अंथरुणात होत्या. शेडमध्ये बर्फातल्या मालाची सोलणी झाली, पण डोकी सोडायला होडी गेली नाही. मान त्यांचा, दुसरी कोण नेणार? टोपल्या शेडच्या मागे पडून राहिल्या आणि कावळ्यांचं फावलं. मग सणांचे दिवस आठवले. सणाला बोटी जात नाहीत, सोलणी नसते, डोकी नसतात, होडी जात नाही. सण संपला की बर्फात ठेवलेला माल सोलायचा, डोकी सुटायची आणि दिवा पुन्हा हिरवा.

डोकी म्हणजे डोळे. डोळे म्हणजे डोळ्यांच्या दांड्या, आणि दांड्यांत तो ब्रेक. रोज शेकडो किलो डोकी मी दाखवलेल्या त्या धारेत पडत होती आणि ओहोटी ती चेचत, धूत नाकावरून नेत होती. नाक हुंगायचं आणि म्हणायचं, वा, किती हा ब्रेक, माद्यांना अजून पुष्कळ अवकाश आहे, समुद्र खुला. बोटी जायच्या, अंड्यांवर आलेल्या माद्या मारून आणायच्या, बायका सोलायच्या आणि डोकी परत नाकाकडे. जितक्या माद्या जास्त मारू, तितकं नाक जोरात सांगणार की मारा, अजून वेळ आहे. फक्त सणासुदीला, डोकी थांबली की, ते बिचारं खरं बोलायचं. आणि आम्ही म्हणायचो, देवीची सुट्टी.

मला रडू आलं. ढाल, मानधन, चार लोकांत मिळणारा मान, ते सगळं आठवून स्वतःची लाज वाटली. चूक दुसऱ्या कुणाची नव्हती. जागा मी दाखवली होती.

वन्स मागच्या पडवीत लिंबाच्या सालीनं हात घासत बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, ग्रंथीपासून कॅलेंडरपर्यंत.  हात घासून झाले, धुऊन झाले, मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या टोपल्येन दिवो हिरवो होय होतो."

मी मान हलवली.

"भरलेली येय होती गो रोज," त्या म्हणाल्या. "अंगठ्याखाली कळता. पाठ हिरवीगार. माका वाटा, ही अशी कशी? यंत्र तर म्हणता अजून येळ आसा."

"मगे तुमी सांगलात कित्याक नाय, वन्स?"

"तुझा यंत्र ता. चार लोकांत तुका खोटी पाडू?"

मी यंत्राच्या मानासाठी कापडातली मोजणी 'असावं'खाली झाकली होती आणि त्यांनी माझ्या मानासाठी अंगठ्याखालचं झाकलं होतं. दोघींनी मिळून तीन वर्षं खाडी रिकामी केली होती. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. त्यांना ते कळलं होतं.

आता करायचं काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. मी खरं ते लगेच कळवलं असतं तर नियमाप्रमाणे यंत्र 'नादुरुस्त' ठरलं असतं. आणि यंत्र नादुरुस्त असेल तेव्हा जुनं वेळापत्रक लागू होतं, म्हणजे फक्त जून-जुलै बंद. जानेवारीत समुद्र सताड उघडा. तपासणीला माणसं यायला निदान तीन आठवडे. आणि वन्सचा अंगठा सांगत होता की माद्या आत्ता भरलेल्या आहेत, आठ-दहा दिवसांत अंडी टाकतील. कागदावर खरं लिहिलं तर या माद्या जाळ्यात जाणार, आणि कापडात नव्वद येत होती तिथं पुढच्या वर्षी बहुधा काहीच येणार नाही. खाडी एकदा रिकामी झाली की बाहेरून कोण आणून भरणार?

उपाय एकच होता, डोकी न टाकणं. नाकाला त्याचं खरं हुंगू द्यायचं. पण मान वन्सचा, आणि तो एक दिवसही मोडायला त्यांना सांगण्याचा मला काही अधिकार नव्हता.  दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली, टोपल्या होडीपाशी आल्या, आणि वन्सनी बायकांना सांगितलं की आज होडी जायची नाही. कारण दिलं नाही. टोपल्या शेडच्या मागे खड्ड्यात पुरल्या. मी मदतीला गेले तर त्यांनी मला कुदळ दिली नाही.

दुसऱ्याच पहाटे दिवा लाल झाला.

धक्क्यावर बर्फ भरून उभ्या असलेल्या बोटी थांबल्या. पंचांगात काही नाही, जत्रा होऊन गेलेली, आणि ऐन हंगामात लाल. पहिल्या दिवशी लोकांनी थट्टा केली की नाकाला सर्दी झाली. चौथ्या दिवशी थट्टा संपली. खलाशी पत्ते खेळून कंटाळले, शेडमध्ये सोलायला काही उरलं नाही. दिगंबर घरात येऊन जाऊन मला विचारायचा, तारा बघितल्यास का, बोया घासलास का. मी हो म्हणायचे, आणि ते खरंच होतं. पाचव्या दिवशी त्यानं शेडमागचा खड्डा पाहिला.

तो आरडाओरडा करणारा माणूस नाही. समोर बसला आणि म्हणाला, आता सांग. मी सांगितलं. त्याला सगळं कळलं, कारण तो माझ्यापेक्षा जास्त वर्षं समुद्रात आहे. पण कळणं वेगळं आणि बोट धक्क्याला बांधून ठेवणं वेगळं. त्याचं म्हणणं असं की हा हंगाम जाऊ दे, मे महिन्यात कळव, बोया हलवतील, मग पुढच्या वर्षापासून सगळं नीट. मी म्हटलं, पुढच्या वर्षीची सुंगटं आत्ता या माद्यांच्या पोटात आहेत. त्यावर तो उठून बाहेर गेला, आणि दोन दिवस आम्ही एकमेकांशी जेवणापुरतं बोललो.

तोवर गावात वेगळंच पसरलं होतं. मान चुकला म्हणून दिवा लाल. कुबलांच्या थोरल्या लेकीनं डोकी सोडली नाहीत, खाडी कोपली. मला हसावं की रडावं कळेना. कारण ते चूक कुठं होतं? डोकी थांबली म्हणूनच दिवा लाल झाला होता. आणि डोकी सोडली असती तर तो हिरवा झालाच असता. देवीचं म्हणणं आणि विज्ञानाचं म्हणणं, दोन्ही त्याच टोपलीकडे बोट दाखवत होती.

आठव्या दिवशी सकाळी सोसायटीचे अध्यक्ष सावळाराम तात्या पंधरा-वीस तांडेलांना घेऊन आमच्या अंगणात आले. हातात नारळ होता. दिगंबर त्यांच्यातच उभा राहिला. वन्स पडवीत आल्या तेव्हा सगळ्यांनी आधी हात जोडले. भांडायला कोणी आलं नव्हतं, आणि तेच जास्त अवघड होतं.

"रतनबाय, आमी तुका शिकवूक येवक नाय," तात्या म्हणाले. "पण तुमच्या घराचो मान चुकलो आनि दिवो लाल झालो. गावान डोळ्यांनी बघलान. आजच्या सुकतीक खड्ड्यातली दोन टोपली तरी काढून सोड."

सुकती म्हणजे ओहोटी. वन्स काही बोलण्याआधी मी पुढे झाले.  डोळ्यांच्या दांड्या, ब्रेक, कॅलेंडर, सगळं सांगितलं. बोयाची जागा मी दाखवली हेही सांगितलं. तीन वर्षं ज्या भरलेल्या बोटींचं आपल्याला कौतुक वाटलं त्या पोटुशा माद्यांनी भरलेल्या होत्या, हेही लपवलं नाही. सगळे ऐकत होते. मागून एक तरुण तांडेल, त्याचं बोटीचं पहिलंच वर्ष होतं, शांतपणे म्हणाला, "म्हणजे वयनी, टाकल्यार हिरवो होतलो ना?"

त्याचा काही दोष नव्हता. मी इतका वेळ जे समजावलं त्यातून त्याला हवं ते एकच निघालं, आणि ते बरोबर होतं. मला खोटं बोलता आलं नाही. मी हो म्हटलं. सगळ्यांच्या माना वन्सकडे वळल्या.

वन्सनी तात्यांच्या हातातला नारळ घेतला आणि बाजूला पाटावर ठेवला.

"सुंगटाचा टकला खाडयेचा, असा माझ्या आजयेन सांगल्यान," त्या म्हणाल्या. "कित्याक, ता सांगूक नाय. खाडयेचा खाडयेक परत मिळूचा म्हणान आसतला. आनि मी काय केलंय? पोटुशी आवस मारून, तिच्याच टकल्यान दर्याचा दार उघडलंय. एकदा नाय, तीन वर्सां." मग तात्यांकडे वळून त्या म्हणाल्या, "मान आता चुकलो नाय, तात्यानू. तो तेवा चुकलो. आजपासून मी तो सोडलंय. देवळात जावन तसा सांगतलंय."

 टोपली काय, कुणीही उचलून होडीत घालू शकलं असतं. पण पाटखोलमध्ये ते कुणाच्या हातून झालं नसतं, आणि ज्याच्या घरातून होऊ शकलं असतं तो दिगंबर खाली मान घालून उभा होता. सगळे त्याच्याकडे बघत होते. शेवटी तो पुढे आला.

"बाय, ह्या मानापायी तुझा लगीन रवला," तो म्हणाला. मी वीस-बावीस वर्षांत त्या घरात हे वाक्य ऐकलं नव्हतं.

"म्हणानच तो माझोच आसा सोडूचो," वन्स म्हणाल्या.

तात्या पायात चपला घालून निघाले. त्यांच्यामागून बाकीचे गेले. नारळ पाटावरच राहिला. वन्स त्याच दुपारी देवळात जाऊन आल्या. एकट्याच गेल्या, मला बरोबर येऊ दिलं नाही. परतल्यावर त्यांनी चहा मागितला आणि दोन कप प्यायल्या.

दिवा आणखी सहा दिवस लाल राहिला. गावानं ते सहा दिवस कसे काढले ते गावालाच ठाऊक. काहींनी आमच्या दारावरून जाणं सोडलं. तो तरुण तांडेल मात्र एकदा येऊन विचारून गेला की अंडी टाकायला मादी किती खोल जाते. मी अहवाल लिहून ठेवला होता. सातव्या दिवशी पहाटे दिवा हिरवा झाला, कुणाच्याही टोपलीशिवाय, आणि त्याच सकाळी मी अहवाल पाठवून दिला. त्यात लिहिलं की जागेची चूक माझी आणि दोन आठवडे गप्प बसणं हेही माझंच. पुढे मुकादम मॅडम आल्या, बोया धारेच्या बाजूला हलवला, मला लेखी समज मिळाली. ती योग्यच होती. बाकीच्या खाड्यांची तपासणी झाली तर आणखी दोन ठिकाणी मासळीबाजाराचं पाणी नाकाखालून जाताना सापडलं. पण ते सगळं नंतर.

त्या सकाळी बोटी गेल्या आणि दुपारी परत आल्या. दिगंबरची बोट पहिली लागली. टोपल्या शेडमध्ये ओतल्या, बायका पाटांवर बसल्या, पण सोलायला कोणी सुरुवात करीना. वन्सनी एक मोठी मादी उचलली, दाराच्या उजेडाकडे धरली, पाठीवरून अंगठा फिरवला. दुसरी उचलली. तिसरी. मग शेजारणीनं एक उचलली, मग तिच्या शेजारणीनं, आणि बघता बघता चाळीस बायका चाळीस सुंगटं उजेडात धरून बसल्या. एकाही पाठीवर हिरवी रेघ नव्हती.

"रिकामी," वन्स म्हणाल्या. "घालून मोकळी झाली गो."

चौदा दिवस काम नसलेल्या त्या बायका हसायला लागल्या. एकीनं डोळे पुसले. मला काय वाटलं ते मी सरळ सांगते, मला इतका आनंद पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता. दारात उभा असलेला दिगंबर आत आला आणि आयुष्यात पहिल्यांदा सोलायला बसला. त्याला ते धड जमतही नव्हतं.

सोलणी झाली. डोक्यांच्या टोपल्या भरल्या. बाहेर ओहोटी लागली होती. वन्स उठल्या, पदर खोचला, पहिली टोपली कमरेवर घेतली आणि दाराबाहेर पडल्या.  चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांचे पाय होडीच्या बाजूला वळले, दहा-बारा पावलं तशीच गेली आणि मग थांबली. त्या तिथं टोपली घेऊन उभ्या राहिल्या, पाण्याकडे बघत.

मी जाऊन टोपलीचा दुसरा कान धरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "खंय नेवया?"

मला माहीत नव्हतं. तसं त्यांना सांगितलं, आणि आम्ही दोघी टोपली घेऊन गावाच्या दिशेला वळलो.